शकूताईंचा मेजर

शकूताईंकडे गेलं की आपल्याला फारसं बोलावं लागत नसे. दारात बूट काढेपर्यंत आपली तब्येत, आपली नोकरी, देशात आईवडील कसे आहेत आणि यंदाही आपलं लग्न का जमलं नाही, हे सगळं त्यांनीच विचारून त्यांनीच उत्तरं दिलेली असत. मग स्वयंपाकघरातून "भात किती?" असा एकच खरा प्रश्न येई, आणि त्याचं उत्तरही त्या ऐकत नसत. व्यवसायानं त्या भूलतज्ज्ञ. वूस्टरच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल द्यायचं त्यांचं काम. आम्ही अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीतली मराठी मंडळी म्हणायचो, ताईंना औषध लागतंच कशाला, नुसत्या शेजारी बसून बोलल्या तरी पेशंटची शुद्ध हरपत असेल. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हरपते ना. पण ती परत आणायचं कामही माझंच असतं, ते कुणी धरत नाही."

त्यांचे यजमान श्रीकांतराव इंजिनियर. बोलण्याचं खातं त्यांनी लग्नातच बायकोच्या नावावर करून दिलं होतं. स्वतःसाठी "हं" तेवढं ठेवलं होतं आणि त्या एका "हं"वर त्यांचं उत्तम चाललं होतं. एकुलता मुलगा कॅलिफोर्नियात कॉलेजात होता. त्यामुळे तीन बेडरूमचं ते घर, त्यापुढची मोठी हिरवळ आणि खालचं तळघर हे सगळं ताईंच्या परोपकाराला मोकळं होतं. तळघरात जुन्या कोटांची एक लांब रांग टांगलेली असे. देशातून नवा विद्यार्थी आला की ताई आपली लांबलचक स्टेशन वॅगन घेऊन बोस्टनच्या विमानतळावर जात, त्याला घरी आणून वरणभात घालत आणि मग तळघरात नेऊन कोट चढवत. "दीर्घ श्वास घे," म्हणत आणि झिप हनुवटीपर्यंत ओढून टाकत. "काही होत नाही, मी आहे ना." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पेशंटला सुई टोचताना, बर्फात गाडी घसरली असताना आणि पोराला घरची आठवण येऊन रडू फुटलं असताना त्या हेच म्हणत. १९७९ साली मीही असाच एक कोट घातला होता. शिक्षण संपवून तिथेच एका कॉम्प्युटर कंपनीत चिकटलो आणि पुढे ताईंच्याच गल्लीत, त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायला आलो. माझी बायको आली तेव्हा तिलाही कोट मिळाला.

ताईंच्या बोलण्याला विषय कुठलाही चाले, पण शेवटी गाडी सुध्यावर यायची. सुध्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, सुधाकर. आई लवकर गेली, त्यामुळे आठ वर्षांनी लहान असलेल्या या भावाला ताईंनीच मिरजेला वाढवला. सुध्या नकला करायचा. त्यातही आवाजाच्या. वर्गाच्या दाराआड उभं राहून त्यानं एकदा हेडमास्तरांच्या आवाजात "आज शाळा सुटली" असं सांगितलं, आणि सगळा वर्ग मास्तरांसकट घरी गेला. सुध्या मात्र पकडला गेला, कारण आपली करामत बघायला तो मागे थांबला होता. ताईंचा आवाज तर तो असा काढी की शेजारीण बाहेरून "शकू, विळी दे ग" म्हणाली तर हा आतून ताईंच्या सुरात चार वाक्यं बोलून, पडद्याआडून विळी देऊन मोकळा होई. हे सांगताना ताई हसून हसून डोळे पुसत. आणि प्रत्येक वेळी म्हणत, "असा होता आमचा सुध्या."

होता, होता असं ऐकून ऐकून मी एकदा जरा बेतानंच विचारलं, "ताई, कधी गेले?"

"गेला कुठे? पुण्यात आहे. मिलिटरीत मेजर आहे," ताई म्हणाल्या आणि माझ्या पानात न विचारता भात वाढला. पुढे मात्र काही बोलल्या नाहीत. ताईंच्या बोलण्यात खंड पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढे कधीतरी त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या अमेरिकेला आल्या एकोणसत्तरमध्ये. एकाहत्तरच्या लढाईत सुध्या सुरुंग काढणाऱ्या तुकडीबरोबर होता. लढाई संपली, तो धडधाकट परत आला, अंगावर ओरखडाही नव्हता. वडिलांनी तसं पत्र लिहिलं आणि ताईंनी इकडे सगळ्यांना पेढे म्हणून दुधाच्या पावडरीचं काहीतरी वाटलं. मग त्या पहिल्यांदा देशात गेल्या. मिरजेच्या स्टेशनवर भाऊ न्यायला आला होता. त्यानं बॅग उचलली आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"मला सांग, सुध्यानं मला असं विचारलं असतं?" ताई मला म्हणाल्या. "तो हमालाच्या आवाजात भांडत आला असता. मी आपली वाट बघतेय, आता करेल, मग करेल. महिनाभर होते मी. रोज सकाळी उठून मला विचारायचा, झोप लागली का. अरे, मी पाहुणी आहे का?"

त्या माणसानं लग्न केलं नाही. वडील गेले. मग नोकरी पुरी करून तो मिलिटरीतून बाहेर पडला, आणि ताईंनी खटपट करून त्याला श्रूजबरीला बोलावून घेतलं. ते साल होतं चौऱ्याऐंशी आणि महिना होता जानेवारी. रस्त्यावर बर्फ होतं म्हणून बोस्टनला जाताना स्टेशन वॅगन मी चालवत होतो. ताई वाटभर बोलत होत्या. आल्याआल्या त्याला कसं पकडायचं, काय म्हणायचं, याची त्यांनी तालीमच केली होती. प्रत्यक्षात दार उघडून एक उंच, सडसडीत, कानशिलं पांढरी झालेला गृहस्थ बाहेर आला, वाकून त्यांच्या पाया पडला, आणि ताईंच्या तोंडून निघालं, "या मेजर."

त्यांना थट्टाच करायची असणार. पण ती थट्टा तशीच तोंडात बसली. "मेजर, जेवायला चला." "अहो मेजर, टोपी घाला, बाहेर थंडी आहे." मराठी घरात थोरली बहीण धाकट्या भावाला अहोजाहो करते हे मी कधी ऐकलं नव्हतं. ज्याचे कान धुतले, ज्याला न्हाऊ घातलं, त्याला कोण अहो म्हणतं? पण ताईंच्या जिभेवर अरे येतच नव्हतं. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी म्हणून बघते ग. सु पर्यंत येतं आणि पुढे हे गृहस्थ दिसतात." मेजर ताईंना अगं म्हणत की अहो, हे कळायला ते बोलायला तर हवेत. "हो", "नको" आणि "बरं" एवढ्यावर त्यांचा दिवस जाई. श्रीकांतराव खूष होते. इतक्या वर्षांनी त्यांना बरोबरीचा जोडीदार मिळाला होता. दोघं संध्याकाळी टीव्हीवर बेसबॉल बघत बसत, आणि मधूनच एकजण "हं" म्हणे.

मेजर वागायला अतिशय सभ्य. कुणाच्या वाटेत न येणारे. फक्त एक गोष्ट मला हळूहळू लक्षात आली. ते गवतावर पाय ठेवत नसत. घरासमोर एवढी हिरवळ, पण टपालपेटीपर्यंत जायचं तर ते डांबरी ड्राइव्हवेनं वळसा घालून जात. बर्फ पडलं की मग पंचाईत, कारण बर्फाखाली डांबर कुठे आणि गवत कुठे ते दिसत नाही. अशा दिवशी ते पोस्टमन येऊन जाईपर्यंत दारात उभे राहात, आणि मग त्याच्या बुटांच्या ठशांवर बरोबर आपला पाय ठेवत पेटीपर्यंत जात आणि तसेच परत येत.

एका फेब्रुवारीच्या सकाळी मी फावडं घेऊन आमच्या दारातलं बर्फ काढत होतो. बघतो तर शकूताई ड्युटीवर जायच्या आधी श्रीकांतरावांचे गुडघ्याएवढे बूट घालून हिरवळीवरच्या बर्फात फिरताहेत. इकडून तिकडे, पेटीपर्यंत, परत दारापर्यंत, मेपलच्या झाडाला वळसा घालून मागच्या अंगणात. सगळी हिरवळ त्यांनी तुडवून काढली. समोरची अमेरिकन बाई खिडकीत उभी राहून बघत होती. मी हाक मारली, "ताई, काही हरवलं का?" त्या धापा टाकत म्हणाल्या, "नाही रे. एक्सरसाइज करतेय." आणि गाडीत बसून गेल्या. थोड्या वेळानं मेजर बाहेर आले. दारात उभे राहून त्यांनी ते सगळे ठसे बराच वेळ पाहिले. मग ताईंच्या पावलांवर पाय ठेवत ते पेटीपर्यंत गेले, झाडाला वळसा घालून मागच्या अंगणात गेले, आणि ऊन होतं तोवर तिथे उभे राहिले. मी उगाचच जोरात फावडं मारू लागलो. त्या हिवाळ्यात बर्फ पडलं की ताई सकाळी एक्सरसाइज करत. या गोष्टीबद्दल बहीणभावांनी कधी एक अक्षर काढलं नाही.

आता आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळाची दिवाळी, शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी असे. सावर क्रीमचं श्रीखंड, पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम आणि एक दिवाळी अंक. अंक हातानं लिहून, झेरॉक्स काढून, टाचून वाटायचा. माझं अक्षर बरं म्हणून मी संपादक. याहून वेगळी पात्रता कुणी विचारली नाही. ताई दर वर्षी 'हिवाळ्यात घ्यायची काळजी' असा लेख देत आणि मी तो थोडाफार फिरवून दर वर्षी छापत असे. त्या वर्षी त्यांनी माझ्या हातात कागद ठेवले आणि म्हणाल्या, "यंदा गोष्ट आहे. हसू नकोस."

गोष्टीचं नाव होतं 'निरोप्या'. त्यातली बहीण अमेरिकेत असते. तिचा भाऊ मधू लढाईत जातो. त्याची बातमी घेऊन त्याच्याच तुकडीतला एक मेजर तिच्याकडे येतो आणि जायला दुसरीकडे घर नाही म्हणून तिथेच राहतो. बहीण त्याला मधूच्या आवडीचं करून घालते. तो निमूट जेवतो. त्याला मधूचं लहानपण सगळं ठाऊक असतं, पण तो सांगत काही नाही. आणि बहिणीला त्याचा राग राग येतो, की हा आला आणि तो नाही आला. राग येतो म्हणून ती त्याला जास्त वाढते. गोष्ट तिथेच, त्या वाढलेल्या पानावर संपत होती.

मी म्हटलं, "ताई, हे मेजर वाचतील."

"ते कुठे काही वाचतात?" त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या. "अरे, ज्यांचा माणूस जातो त्यांच्याकडे तार तरी येते. रडून घेता येतं. मला तारही आली नाही. मी रोज ह्या माणसाला वाढते, चांगला आहे तो, पण सुध्या कुठे गेला हे मला कुणीतरी सांगायला नको? मी विचारायचं तरी कुणाला?" त्यांचे डोळे भरले होते. मी गोष्ट लिहून काढायला घेतली.

अंक टाचायच्या दिवशी माझ्या मदतीला कोण आलं असेल तर खुद्द मेजर. ताईंनीच पाठवलं होतं, "घरात बसून असतात, हाताला काम द्या." आमच्या जेवणाच्या टेबलावर पानांचे गठ्ठे मांडले होते. मेजर एकेक पान उचलून बरोबर रचत, कडा ठोकून सारख्या करत आणि टाचणी मारत. मध्येच त्यांचा हात थांबला. मी पाहिलं तर 'निरोप्या'चं पहिलं पान त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते वाचलं, दुसरं उचललं, तेही वाचलं. सगळी गोष्ट उभ्याउभ्या वाचून संपवली आणि पानं ठोकून सारखी केली.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," मेजर म्हणाले.

"मेजर, ताईंना सांगू का, तुम्ही वाचलीत म्हणून?"

"नको. मी सांगेन." आणि त्यांनी टाचणी मारली.

अंक डाकेनं घरोघरी गेला आणि आठवड्याभरानं दिवाळी आली. मेजर आजवर मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला आले नव्हते. त्या शनिवारी दुपारी स्टेशन वॅगनमधून ताई, श्रीकांतराव आणि मागच्या सीटवर बटाटेवड्यांचं पातेलं धरून मेजर असे तिघे उतरले. ताई पातेलं घेऊन थेट मागच्या स्वयंपाकघरात गेल्या. मेजर शेवटच्या रांगेत घडीच्या खुर्चीवर बसले.

आमचे अध्यक्ष लिमये यांना एक मोठी हौस होती. मंडळातल्या कुणाच्याही घरी, देशात, लांबचा काका जरी वारला तरी ते सभेच्या सुरुवातीला दोन मिनिटं शांतता पाळायला लावत. वडे निवत असतील तर ती पाऊण मिनिटात संपे. त्या दिवशी ते माइकसमोर आले तेच मुळी रुमाल हातात घेऊन.

"आपल्या भगिनी डॉक्टर शकुंतलाताई," ते म्हणाले, "यांनी आपलं दुःख इतकी वर्षं आपल्याला कळू दिलं नाही. यंदाच्या अंकातून ते आपल्याला समजलं. त्यांचे बंधू देशासाठी धारातीर्थी पडले. त्यांचे शेवटचे सोबती मेजरसाहेब आज आपल्यात उपस्थित आहेत. आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी."

मी ताडकन उठलो. पण लिमयांना तरी दोष कसा द्यायचा? ताई वर्षानुवर्षं सगळ्यांना "सुध्या असा होता" म्हणून सांगत होत्या. घरात एक मेजर आले होते. ताई त्यांना चारचौघांत "अहो मेजर" म्हणत होत्या. आणि आता ही गोष्ट. कुठल्याही मराठी माणसानं हा हिशेब असाच केला असता. सगळा हॉल खुर्च्या सरकवत उभा राहिला. मी लिमयांकडे धावणार इतक्यात शेवटच्या रांगेतून मेजरांनी माझ्याकडे पाहून तळहात किंचित वर केला. राहू दे, असा. आणि तेही उठले. खांदे ताठ, हात बाजूला, नजर समोर. माझ्या ओळखीतला हा एकच माणूस ज्यानं स्वतःच्याच श्रद्धांजलीला सावधानमध्ये उभं राहून मान दिला.

स्वयंपाकघराच्या दारात ताई झारा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दिवशी मात्र लिमयांनी दोन मिनिटं पुरी केली.

मग ताटं आली. ताई दारातून हलल्याच नाहीत. मेजरांच्या शेजारी कमलाकाकू येऊन बसल्या. मुलाकडे देशातून आलेल्या, सत्तरीच्या पुढच्या, कानानं जरा कमी. मी पाणी वाढत होतो तो तिथेच थांबलो.

"तुम्ही होतात का हो त्याच्याजवळ?" काकूंनी विचारलं.

"होतो," मेजर म्हणाले.

"कसा होता हो मुलगा?"

"बरा होता. आगाऊ होता." मग कुणी चावी फिरवावी तसे ते बोलू लागले, हळू, पण न थांबता. "आमचं काम पुढं जाऊन सुरुंग काढायचं. वाट मोकळी झाली की दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावायची. फितीच्या आत चाललं की धोका नाही. पण पोरं घाबरलेली असायची. हा त्यांना हसवायचा. आमच्या कर्नलसाहेबांची नक्कल करायचा. त्या सकाळी केली. पुढचा पोरगा हसला. हसताना मागं वळला, आणि पाय फितीच्या बाहेर पडला."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. आजूबाजूची चारदोन माणसं खायची थांबली होती. ताई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

"तो पोरगा वीस वर्षांचा होता," मेजर म्हणाले. "त्यानंतर यानं कधी कुणाची नक्कल केली नाही."

काकूंनी वड्याचा तुकडा चटणीत बुडवला. "म्हणजे तो पोरगा हसत होता," त्या म्हणाल्या. "घाबरलेला होता आणि तेवढ्यापुरता तरी भीती विसरला. मग यानं काय वाईट केलं हो? आमचे हे गेले तेव्हा मी त्यांना औषधाचंच ओरडत होते. ते मला अजून खातं. त्यापेक्षा हसवलेलं बरं की." आणि मग लगेच, "बहिणीची करायचा का तो? आमचा धाकटा माझी फार करायचा."

"करायचा."

"कशी?"

मेजरांनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे उठून जाणार. त्यांनी घसा साफ केला, मान जरा तिरकी केली, आणि त्या सडसडीत, पांढऱ्या कानशिलांच्या गृहस्थाच्या तोंडून साक्षात शकूताई बोलू लागल्या. "भात किती? एवढासाच? हा काय भात झाला? आणि कान धुतलेस का? पुढून नको सांगू, मागून धुतलेस का? काही होत नाही, मी आहे ना, झिप लाव." तोच वेग, तोच सूर, श्वास न घेता पुढच्या वाक्यात शिरायची तीच खोड. हॉलमधली निम्मी माणसं वळून ताईंकडे बघायला लागली, त्या बोलताहेत असं वाटून.

ताईंच्या हातातला झारा खाली पडला.

"अरे सुध्या," त्या म्हणाल्या. "मी अशी बोलते?"

"मग कशी बोलतेस?" मेजर ताईंच्याच आवाजात म्हणाले.

ताई मटकन खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता "अरे सुध्या, अरे सुध्या," एवढंच म्हणत त्यांनी त्याच्या पाठीत चांगले दोन धपाटे घातले. मीही डोळे पुसत होतो, माझी बायकोही. लिमये ताट घेऊन धावत आले. "म्हणजे हेच ते? मग आपण कुणासाठी उभे राहिलो?" त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मेजर उभे राहिले आणि त्यांच्याशी हात मिळवला. "कार्यक्रम चांगला झाला," ते स्वतःच्या आवाजात म्हणाले. "मला आवडला."

निघताना पार्किंगमध्ये मी त्यांचं रिकामं पातेलं गाडीत ठेवत होतो. ताई भावाला विचारत होत्या, "तेरा वर्षं. मला एका शब्दानं का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, काही होत नाही, मी आहे ना," तो म्हणाला. "आणि ते तर झालं होतं, ताई."

ताई ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. "आता नाही म्हणणार," त्या शेवटी म्हणाल्या. श्रीकांतरावांनी "हं" केलं आणि तिघं गाडीत बसले. पुढच्या सीटवरून मला ऐकू आलं, "गोष्टीतला मधू फार गुणी केलायस. मी तसा कधी होतो?" आणि ताई म्हणाल्या, "तुला काय कळतं रे साहित्यातलं."

सगळं एका दिवसात नीट झालं असं मी म्हणणार नाही. मेजर अखेरपर्यंत गवतावरून चालले नाहीत. हिरवळ श्रीकांतरावच कापत. कधीकधी आठवडाच्या आठवडा मेजरांचा आवाज बंद होई, आणि ताईंनी त्या दिवसांत त्यांना काही विचारायचं नाही हे शिकून घेतलं. ताईंसाठी ही सोपी गोष्ट नव्हती. पण त्या घरातलं अहो गेलं ते कायमचं गेलं. "सुध्या, टॉवेल वाळत घाल", "सुध्या, मेल्या, माझा चष्मा कुठाय", अशा हाका आमच्या घरापर्यंत ऐकू येत आणि माझी बायको म्हणे, बरं वाटतं नाही का ऐकायला. खरंच बरं वाटे.

पुढे मेजरांनी एक काम सुरू केलं. आमच्यातल्या बायकांना ते ड्राइव्हिंग शिकवू लागले. नवऱ्यांकडून शिकताना बायका रडत घरी येत. मेजरांकडे मात्र शिकाऊ बाई चुकून उलट्या लेनमध्ये शिरली तरी ते शांतपणे म्हणत, "थांबू या. आता मागे बघा. आता वळवा." त्यांच्या इतका न घाबरणारा माणूस त्या गाडीत दुसरा कोण बसणार? धडा संपला की ते त्या बाईच्या नवऱ्याची नक्कल करून दाखवत. माझी माझ्या बायकोला इतकी आवडली की ती आठवडाभर मला माझ्याच सुरात उत्तरं देत होती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला ओहायोत, डब्लिनला नोकरी मिळाली. ट्रक सामान घेऊन पुढे गेला आणि आम्ही ताईंचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी दोन डबे दिले, वाटेत काय खायचं आणि कुठे थांबायचं ते सांगितलं. आतून मेजर सांगत होते की तो रस्ता नको, दुसरा घ्या, आणि हिचं ऐकलंत तर कॅनडात पोचाल. ताई म्हणाल्या, मी वीस वर्षं ड्राइव्ह करतेय. ते म्हणाले, म्हणूनच. श्रीकांतराव मध्ये उभे राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

गाडीत बसताना मला आठवलं. 'निरोप्या'नंतर ताईंनी अंकाला पुन्हा हिवाळ्याची काळजीच द्यायला सुरुवात केली होती, दुसरी गोष्ट कधी दिली नाही. मी काच खाली करून विचारलं, "ताई, नव्या संपादकाला एखादी गोष्ट द्या की."

"कसली गोष्ट?" ताई वैतागून म्हणाल्या आणि त्यांनी घराच्या दिशेनं हात झटकला. "हा एक मिनिट गप्प बसत नाही. मी लिहू कधी?"